योसेफ खड्ड्यात असताना

योसेफ खड्ड्यात होता आणि आमचे हे टेबलाला पॉलिश मारत बसले होते.

"अहो, गार होतंय," मी स्वयंपाकघरातून ओरडले.

"हात लावू नकोस. ओलं आहे अजून."

"मी भाकरीचं म्हणतेय."

"मी टेबलाचं म्हणतोय."

ते टेबल मिशनच्या शाळेनं टाकून दिलेलं. एक पाय आखूड, वर पोरांनी करकटकानं कोरलेली नावं. ह्यांनी ते खांद्यावरून घरी आणलं, आखूड पायाखाली लाकडाचा तुकडा ठोकला आणि बाहेरच्या खोलीत, शेजारच्या तोरण्यांच्या आणि आमच्या सामाईक भिंतीला लावून ठेवलं. आमची ती चाळवजा कौलारू घरं, मिशन कंपाउंडात ओळीनं बांधलेली. एका घरात शिंकलं तर दुसऱ्या घरातून "प्रभू भलं करो" म्हणायचे.

"आणि हे कशासाठी?" मी विचारलं.

"अभ्यासासाठी. वैयक्तिक बायबल अभ्यास."

"मग करा की. टेबल कशाला लागतंय? इतकी वर्षं खाटेवर बसून वाचलंत ना?"

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी शुद्ध अडाणी बाई. "ते नुसतं वाचन होतं, रूथ."

त्या 'नुसत्या वाचना'वरच तर माझा जीव होता, पण ते ह्यांना कुठे ठाऊक! हे एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी कर्ण्यासमोर गेली. हे निवृत्त झाले, आवाज काही निवृत्त झाला नाही. रोज सकाळी खाटेवर मांडी घालून बसायचे, एका हातात चहाची बशी, मांडीवर पवित्र शास्त्र, आणि एक अध्याय वाचायचे. मनात वाचणं ह्यांना येतच नव्हतं. अब्राहाम ऊर गावाहून निघाला हे असं वाचायचे, की मला वाटायचं आता फलाटाचा नंबरही सांगतील. मी आत भाकऱ्या थापत ऐकायचे. थापायचे तीही हलक्या हातानं, शब्द बुडायला नको म्हणून. एकदा मात्र मी आतून विचारलं होतं, "काय म्हणाला तो एसाव? परत वाचा ना." तर म्हणाले, "तुझं लक्ष त्या तव्यावर. तुला काय करायचंय एसावाशी?" झालं. त्या दिवसापासून मी तोंड शिवून ऐकायचं ठरवलं.

आणि मला स्वतःला वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही. मी मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली. पण त्या साली डोळ्यांत मोतीबिंदू आला. सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसायचं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "बाई, अजून कच्चा आहे, पिकल्यावर काढू." म्हटलं, आंबा आहे का तो आढीत घालायला? पण त्या काळी तीच पद्धत होती. तेव्हा पिकेपर्यंत माझं बायबल म्हणजे ह्यांचा गळा.

तर त्या सकाळच्या वाचनात योसेफाच्या भावांनी त्याचा झगा काढून घेतला, त्याला कोरड्या खड्ड्यात टाकलं आणि स्वतः भाकरी खायला बसले. तेवढ्यात बाहेरून यशया तोरण्यांची हाक आली, "शांतवन, चल रे! पुढची जागा मिळायची नाही!" चर्चमध्ये उज्जीवन सभा होत्या, विश्वास जागवायला बाहेरचे वक्ते बोलवायचे. ह्यांनी पानात खुणेची फीत घातली, पुस्तक मिटलं, आणि "उरलेलं उद्या" असं स्वतःशीच म्हणत निघून गेले.

पुढची गोष्ट मला माहीत नव्हती का? सण्डे स्कूलच्या नाटकात मी त्या गोष्टीतलं मेंढरू झाले होते! पण माहीत आहे म्हणून काय झालं? काल जेवले म्हणून आज भूक लागत नाही का? पोरगं खड्ड्यात, भाऊ जेवतायत, आणि मी पिठाच्या हातानं उभी.

ते 'उद्या' काही उगवेना. कारण सभेत पुण्याहून आलेले रेव्हरंड अमोलिक बोलले ते नेमकं ह्याच विषयावर. वचन उघडण्याआधी अंतःकरण आणि मन तयार करा. मन शांत करा, चित्त एकवटा, मनातली अडगळ काढा, कोणाशी वाकडं असेल तर समेट करा, प्रार्थना करा आणि मग वाचा. चांगलंच बोलले ते. मीही मागे बायकांत बसून ऐकलं. कोणीही शहाणा माणूस घरी जाऊन दोन मिनिटं डोळे मिटून बसला असता आणि वाचायला लागला असता.

पण आमचे हे डेपोतले. गाडीची पूर्ण तपासणी झाल्याशिवाय गाडी फलाटाला लावायची नाही, ही ह्यांची आयुष्यभराची शिस्त. पाणी, तेल, चाकं, ब्रेक, भोंगा. एक जरी गोष्ट कमी असली तरी गाडी उभी. तोच कायदा ह्यांनी आता स्वतःच्या अंतःकरणाला लावला.

"तयारी पूर्ण झाल्याशिवाय मी पुस्तक उघडणार नाही," हे म्हणाले.

"आणि किती दिवस चालणार म्हणे ही तयारी?"

"ते ज्याच्या त्याच्या अंतःकरणावर आहे."

तिथेच मी काय ते समजले. कारण ह्यांना मी ओळखून होते. लग्नाला चर्चमध्ये उशिरा पोचले होते ते बुटाची नाडी दोन्हीकडून सारखी येईना म्हणून.

टेबल वाळलं. मग पहिल्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ बंद झालं. टिकटिकीनं चित्त एकवटत नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी कॅलेंडर उतरलं, त्यावर बाईचं चित्र होतं. बाई कसली, मांडीवर कोकरू घेतलेली सात-आठ वर्षांची पोर! मग माझ्या स्टोव्हवर संक्रांत आली. "फार फरफर करतो. अभ्यास झाला की पेटव."

"म्हणजे चहा?"

"चहा नंतर."

चहाशिवाय ह्यांचं डोकं चढतं हे साऱ्या कंपाउंडाला माहीत. तर हे दार लोटून, चहाविना, कपाळ दाबत टेबलाशी बसायचे आणि मन शांत करायचे. मी एकदा दाराच्या फटीतून पाहिलं. पुस्तक समोर, मिटलेलं. हात जोडलेले. मान छातीवर. मोठ्या शांतीनं घोरत होते.

"अहो!"

दचकले. "कशाला आलीस? मन नुकतंच कोरं होत होतं!"

"घोरत होतात."

"तो दीर्घ श्वास होता."

मी दार लोटून घेतलं. मनात म्हटलं, बाबा योसेफा, थांब अजून. इकडे अंधारच आहे.

स्टोव्ह गप्प झाला, घड्याळ गप्प झालं, मी बांगड्या वर सारून गप्प झाले. मग इतकी शांतता झाली, की तोरण्यांचा कोंबडा ऐकू यायला लागला. तसा तो आधीही आरवायचाच, पण ह्यांच्याच आवाजात त्याचं काय चालणार? तो कोंबडा हंगामाच्या सणाचा. आमच्याकडे पीक निघाल्यावर लोक देवळात, म्हणजे चर्चमध्ये, भोपळे, ऊस, कोंबड्या आणून वाहतात आणि उपासना झाली की तिथेच त्यांचा लिलाव होतो. त्या कोंबड्यासाठी हे आणि तोरणेभाऊजी दोघंही हट्टाला पेटले होते. शेवटी भाऊजींनी नेला. सगळे त्याला कापायलाच नेतात, पण भाऊजींचा त्याच्यावर जीव जडला. खांद्यावर घेऊन फिरायचे.

हे गेले अंगणातल्या भिंतीपाशी. मी मागोमाग, कारण ह्यांची चाल मला कळत होती.

"यशया, तुझा कोंबडा पहाटे आरवतो," हे म्हणाले.

"मग कधी आरवायला पाहिजे?" तोरणेभाऊजी दात घासत होते. साधा माणूस, दवाखान्यात कंपाउंडर होते.

"माझ्या तयारीत व्यत्यय येतो. त्याच्यावर रात्री पाटी उपडी घालत जा. वर गोणपाट टाक."

"गुदमरेल की रे तो!"

"तुला एवढं प्रेम कोंबड्याचं, आणि माझ्या अंतःकरणाचं काही नाही?"

"तुझ्या अंतःकरणावर गोणपाट टाक ना मग!"

झालं. शब्दानं शब्द वाढला. हे म्हणाले, लिलावात तुला देवाला काही द्यायचं नव्हतं, नुसता मोठेपणा मिरवायचा होता. भाऊजींनी तोंडातला ब्रश काढला, ह्यांच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेले. ते मला बोचलं. ओरडले असते तर बरं होतं. पोरवयापासूनची ह्यांची मैत्री, आणि शास्त्र वाचायच्या तयारीपायी मोडली, बोला!

हे घरात आले आणि टेबलाशी बसले. थोड्या वेळानं तोंड पाडून उठले.

"काय झालं?"

"आता तर उघडताच येणार नाही. समेट व्हायला पाहिजे आधी. यशयाशी वाकडं आलं."

मला रडावं का हसावं कळेना. "वाकडं आलं नाही, तुम्ही जाऊन आणलंत."

"तेच. तयारीत एक बाब वाढली."

दोन-तीन दिवस ह्यांनी मनाची तयारी केली, म्हणजे तयारीसाठीची तयारी. मग इस्त्रीचा सदरा घालून तोरण्यांकडे गेले. मी सामाईक भिंतीला कान लावला.

"सलाम, यशया."

"सलाम. ये, बस."

"बसत नाही. मी तुला क्षमा करायला आलोय."

भिंतीपलीकडे काहीतरी धाडकन पडलं, मला वाटलं भाऊजीच पडले की काय.

"मला?" भाऊजी म्हणाले. "तू? क्षमा?"

"हो. कोंबड्याबद्दल. मनापासून केली."

"हन्ना," भाऊजींनी बायकोला हाक मारली, "ह्याचा चहा टाकू नकोस. हा चाललाय."

हे परत आले ते पाय आपटत. "बघ! मी क्षमा करतोय तरी घेत नाही! काय माणूस आहे!"

"अहो, क्षमा मागायची होती."

"मी? मी काय केलं?"

मी कपाळावर हात मारला. त्या संध्याकाळी पीठ चाळताना मात्र माझ्यानं राहवेना. मान वर न करता म्हटलं, "मग योसेफाचं काय करायचं?"

"कोण योसेफ?" हे म्हणाले. "डेपोतला? तो बदलून गेला ना श्रीरामपूरला."

"खड्ड्यातला!"

"पडला की काय कुठे?"

"अहो, शास्त्रातला! याकोबाचा! खड्ड्यात टाकलाय त्याला, तुम्ही तसाच ठेवून उठलात!"

"अच्छा, तो," हे हसले. हसले! "तू वाच ना मग. तुझा वैयक्तिक. रेव्हरंडांनी सांगितलंय, प्रत्येकानं आपापला करायचा."

माझ्या डोळ्यांना टेबलाचा पाय आखूड की लांब ते दिसत नाही, आणि हा मनुष्य मला म्हणतो तू वाच. मला इतका राग आला, की चाळण खाली ठेवली आणि उठून गेले. राग कसला, आत काहीतरी तुटलंच. इतकी वर्षं मी ज्याच्या शब्दाशब्दावर भाकरी थापली, त्याला मी ऐकतेय हे माहीतसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता हे दार लोटून टेबलाशी बसले. मी पदर खोचला, मागच्या दारानं निघाले आणि तोरण्यांच्या घरात शिरले.

"सलाम, भाऊजी. तुमचं बायबल काढा."

भाऊजी कोंबड्याला दाणे घालत होते. हन्नाबाई चुलीपाशी. दोघं माझ्याकडे बघतच राहिली.

"काय झालं, वहिनी?"

"मला डोळ्यांनी दिसत नाही. आमचे हे तयार होतायत. तोवर तुम्ही मला वाचून दाखवा. उत्पत्ती, सदतिसावा अध्याय. योसेफाला खड्ड्यात टाकलंय आणि भाऊ जेवायला बसलेत, तिथून."

भाऊजी काही विचारत बसले नाहीत. चष्मा लावला, पुस्तक काढलं, भिंतीजवळच्या खुर्चीत बसले. हन्नाबाईनं मला पाट दिला. पण एक सांगते, भाऊजींचं वाचन म्हणजे औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. एक शब्द, मग थांबणार, मग दुसरा शब्द. वर प्रत्येक ओळीवर टिप्पणी, आणि ती भिंतीकडे तोंड करून.

"भाऊ... म्हणाले... याला विकून टाकू. बघा वहिनी, भाऊच भावाचा वैरी! कोणी लहान सहान गोष्टीवरून भावाशी असं वागतं का?"

भिंतीपलीकडे खुर्ची करकरली.

"व्यापारी... आले. योसेफाला... वर काढलं. आणि विकलं. वीस रुपये. कोंबड्याच्या भावात गेला बिचारा!"

हन्नाबाईनं तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, "भाऊजी, मधलं राहू द्या, पुढे वाचा."

"मग त्यांनी... बकरा मारला. झगा... रक्तात बुडवला. आणि बापाकडे..."

"रऊबेन कुठे गेला?"

भिंतीतूनच आवाज आला. डेपोचा आवाज. कोंबडा फडफडून कपाटावर चढला.

"यशया! रऊबेन गाळलास तू! तो परत येतो, खड्डा रिकामा बघतो, कपडे फाडतो! तो एकटा त्याला वाचवायला बघत होता, त्यालाच गाळतोस? अरे, पान चिकटलं असेल तुझं!"

आणि पाठोपाठ हे स्वतःच दारात उभे. अंगात बनियन, पायांत काही नाही, हातात पुस्तक. भाऊजींवर तुटून पडणार तोच ह्यांची नजर पाटावर गेली.

"तू? तू इथे काय करतेस?"

"ऐकतेय."

"ऐकायचं होतं तर घरी..."

"घरी कोण वाचतंय?" मी म्हटलं, आणि मग मला थांबवता येईना. "लग्न झाल्यापासून रोज सकाळी मी ऐकतेय. तुम्हाला वाटतं मी भाकऱ्या करते. भाकऱ्या तुमच्या वाचनावर होतात, अहो! तुम्ही निर्गमाच्या पुस्तकात रखडलात की माझ्या भाकऱ्या रखडतात. डोळे गेले तेव्हा मला धीर होता, म्हटलं ह्यांचा आवाज आहे. तर तुम्ही तोही दार लावून आत ठेवलात. वैयक्तिक! मग मी कुणाची व्यक्ती?"

मला रडू आलं आणि रडायचं नव्हतं म्हणून आणखीच राग आला. भाऊजी चष्मा पुसायला लागले. हे तसेच उभे.

"मला कसं कळणार?" हे हळू आवाजात म्हणाले. ह्यांना हळू आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. "तू कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. एसावाच्या वेळी."

ह्यांना ते आठवलं की नाही, देव जाणे. पण मान खाली गेली.

"बस रे शांतवन," भाऊजी उठून म्हणाले. "ही खुर्ची घे. हे मला झेपत नाही, तूच वाच. तुझा गळा तो तुझा गळा."

हे बसेनात. पुस्तक छातीशी धरून उभे, परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखे. "यशया, ते लिलावाचं मी बोललो, ते... ते मी बोलायला नको होतं. ह्या वेळी मागायला आलोय. क्षमा."

"बरं बरं. दिली. बस आता."

तरीही बसेनात. "पण मी अजून... माझं अजून झालं नाही, रूथ. रोज बसतो. मन कोरंच होत नाही. एक काढलं की दुसरं येतं. एवढ्या दिवसांत एकदाही तयार झालं नाही. मला तर वाटायला लागलंय, ते व्हायचंच नाही."

तेव्हा मला कळलं, की हा माणूस टेबलाशी बसून घाबरलेला होता. सगळी तपासणी करून बघितली आणि गाडी सोडण्यालायकच नाही असं त्याला वाटत होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मी पाट पुढे ओढला. "नसेल झालं तुमचं तयार," मी म्हटलं. "माझं आहे. माझ्यावर वाचा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ह्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, दुधातच होता सगळा. पण खुर्ची करकरलेली ऐकू आली, आणि फीत ओढून पान उघडल्याचंही.

मग ह्यांनी वाचलं. रऊबेन परत आला, खड्ड्यात डोकावला, पोरगं नाही. आता मी कुठं जाऊ, म्हणाला तो. ही ओळ ह्यांनी कर्ण्यावर वाचल्यासारखी वाचली नाही. भावांनी झगा बापापुढे टाकला. याकोब रडला, आणि कोणी समजूत घालायला गेलं तर घालून घेईना. हन्नाबाईची चूल विझली तरी तिनं फुंकली नाही. तोरणेभाऊजी जमिनीवर मांडी घालून ऐकत होते, एक टिप्पणी केली नाही. शेवटी योसेफ मिसर देशात पोचला, पोटीफर नावाच्या सरदाराच्या घरी लागला. खड्ड्यातून निघाला एकदाचा, गुलाम का होईना. मी डोळे पुसले.

अध्याय संपला.

"पुढचा," मी म्हटलं.

"रोज एकच..." असं म्हणत ह्यांनी पान उलटलं आणि गप्प झाले. पुढचा अध्याय यहूदाचा आणि त्याच्या सुनेचा, तोंड झाकून बसलेल्या सुनेला सासरा वेश्या समजतो तो. तो कधी देवळात वाचत नाहीत, आणि चार माणसांत तर नाहीच नाही. मला तो आठवला आणि मी पदर तोंडाशी नेला. हन्नाबाई चूल पेटवायच्या निमित्तानं पाठमोरी झाली. भाऊजी खोकायला लागले.

ह्यांनी पुस्तक मिटलं, मला हात देऊन पाटावरून उठवलं आणि म्हणाले, "हा घरी वाचतो तुला. चल."